कार्यमुक्तीचं पत्र

सोयाबीन आलं की आमच्या घरात सगळ्यात आधी पडद्यांना कळतं. मार्केट यार्ड दोन गल्ल्यांवर आहे. दसऱ्याच्या आसपास तिकडून बारीक भुसा उडायला लागतो आणि पडदे, उशा, पुस्तकांच्या वरच्या कडा, सगळं पिवळट तपकिरी होतं. आई मिक्सरला जुनी ओढणी गुंडाळते. आमच्या कोपऱ्यापर्यंत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, आणि अप्पा दुपारी जेवायला येतात ते टोपी दारातच झटकून. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, यार्डात अडत दुकान आहे. शेतकऱ्याचा माल त्यांच्या दुकानापुढे ओतला जातो, खरेदीदार येतात, सौदा होतो.

याच दिवसांत नांदेडहून एक मेल येतो. 'आगामी व्याख्याने आणि अभ्यासक्रम.' तिथल्या विद्यापीठात मी एम. एस्सी. केलं. विभाग सोडून तीन वर्षं झाली, पण यादीतून माझं नाव काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कुठल्या यादीत मी टिकून असेन तर त्याच एका. मुंग्यांच्या रांगा, साथीचे रोग, शहरं कशी पसरतात, बाजार कसे कोसळतात, असे विषय असतात, आणि त्या सगळ्यांवर एकच नाव: जटिल प्रणाली. वार, वेळ, स्थळ, आणि शेवटी सर्वांना आग्रहाचं निमंत्रण. लग्नपत्रिकेसारखंच. मी तो मेल पूर्ण वाचते आणि कुणालाही दाखवत नाही.

यंदाही आला. पडदे धुवायला काढले होते आणि मी उघड्या खिडकीपाशी बसून तो वाचला. वाचताना दोन वर्षांपूर्वीचा सोयाबीनचा हंगाम पुन्हा अंगावर बसला.

मला यार्डात फार जाऊ दिलं नाही कधी. मुलींनी तिथं काय करायचं? पण शाळेला सुट्टी असली की मी दुकानातल्या गादीवर, गजांच्या खिडकीआड बसायचे. तिथून सौदा दिसायचा. पंधरा-वीस माणसं एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे जायची. कुणी मूठ भरून दाणे बोटांवरून ओघळू द्यायचं, कुणी एक दाणा दाताखाली फोडून बघायचं. मग आकडे सुरू व्हायचे. मला आकड्यांपेक्षा माणसांचे डोळे बघायला आवडायचं. आकडा बोलण्याआधी प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो, आणि शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे. मालाकडे कुणीच बघत नसतं.

एकदा मी विचारलं, "अप्पा, आज भाव कोण ठरवला?"

"कोणी ठरवत न्हाई, बाई. भाव निघतो."

"कुठून?"

"ढिगातून!" असं म्हणून ते हसले, आणि हमालांपैकी एक जण म्हणाला, "ताईला चाळण द्या, शोधून काढंल ती."

शोधायलाच मी पुढे भौतिकशास्त्र घेतलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. गुण चांगले होते म्हणून घेतलं. पण एम. एस्सी.च्या प्रकल्पाची वेळ आली तेव्हा सगळे ताऱ्यांचे आणि अर्धवाहकांचे विषय घेत होते, आणि मी संगणकावर वीस ठिपके बसवले. प्रत्येक ठिपका बोली लावण्याआधी शेजारच्या ठिपक्याकडे बघतो, एवढाच नियम. त्या ठिपक्यांतून भाव निघाला. कधी एकदम चढला, कधी काही कारण नसताना पडला. माझे मार्गदर्शक सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे सोडू नका." पुढच्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. ते वाक्य माझ्याजवळ राहिलं आणि काम पुढे न्यायला कुणी उरलं नाही.

मी लातूरला परत आले आणि एका कॉलेजात शिकवायला लागले. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढीच तुमची नोकरी. तास संपला की संपली, आणि वर्ष संपलं की पुन्हा मुलाखत. हे मी घरी नीट कधी सांगितलंच नाही. अप्पांनी विचारलं होतं, "कॉलेजात शिकवायचं म्हंजी प्राध्यापकच ना?" मी म्हणाले, "हो, तसंच." त्या 'तसंच'वर अप्पांनी यार्डभर पेढे वाटले.

बोलायचं टाळणं ही माझी जुनी सवय आहे. आमच्या शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी इंग्रजी बोललं की पाहुणे हसायचे. दोन्हीकडे लपवायला शिकले. लोकांना वाटतं, इंग्रजी शाळेतली मुलगी म्हणजे धीट असणार. मी फक्त दोन भाषांत गप्प बसू शकते.

तर त्या हंगामातल्या मेलमध्ये एक अभ्यासक्रम होता. दहा दिवसांचा, नांदेडलाच. बाजार, गर्दी, वाहतूक, म्हणजे एकेकटी माणसं साध्या नियमांनी वागतात आणि सगळी मिळून काहीतरी भलतंच घडवतात, त्याचं गणित. शिकवायला बाहेरून एक बाई येणार होत्या, त्यांचं सगळं काम बाजारावरचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने दहा मिनिटं आपलं काम मांडायचं होतं. आणि खाली एक ओळ होती: ज्यांना पीएच. डी.साठी मार्गदर्शक नाही त्यांच्या कामाचा विचार केला जाईल. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की तिच्यातला प्रत्येक स्वल्पविराम मला अजून आठवतो.

अर्ज मी दुकानातल्या संगणकावर भरला, कारण घरचं इंटरनेट त्या दिवशी बंद होतं. अप्पा मागे उभे होते, टोपीवर भुसा. अर्जात एक प्रश्न होता, आपण कोण? विद्यार्थी, अध्यापक, संशोधक, किंवा कोणत्याही संस्थेत नाही. चार गोल आणि त्यातला एक काळा करायचा.

"प्राध्यापक कुठं हाय त्यात?"

"हे बघा, अध्यापक."

"मग कर की. बघत काय बसलीस?"

मी केला. खरं म्हणजे हात थांबला होता. पण चौथा गोल अप्पांच्या डोळ्यांसमोर काळा करणं मला जमलं नसतं.

निवड झाली. आणि निवडीच्या पत्रातच होतं की अध्यापकांनी संस्थाप्रमुखांचं कार्यमुक्तीचं पत्र सोबत आणावं.

आमच्या कॉलेजच्या कार्यालयात पांचाळ मामा आहेत. सगळी पत्रं त्यांच्या टेबलावरून जातात. त्यांना मी इंग्रजीत टाइप केलेला अर्ज दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो लांब धरला.

"मॅडम, एक सांगू का? इंग्रजीत असलं की प्राचार्य सर वाचत न्हाईत, नुसती सही करतेत. मराठीत असलं की वाचतेत. तुमाला काय पायजे ते बघा."

मी हसले. मला वाटलं, काम झालं. पण मग त्यांनीच तो वाचला.

"कार्यमुक्त करायचं म्हणता. कशातून मुक्त करू?"

"कॉलेजमधून. दहा दिवस."

"पण तुमी कॉलेजात हाव कुठं?" त्यांनी हजेरीचं मस्टर माझ्याकडे फिरवलं. "ह्यात दाखवा तुमचं नाव. न्हाई ना? तुमी तासिकेवाल्या. तास झाला की तुमी घरच्या. आता जी बांधलेलीच न्हाई तिला सोडायचं कसं, सांगा बरं?"

दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला शिपाई फस्सकन हसला. मामांना स्वतःलाही आपलं वाक्य आवडलं असावं, ते जरा मऊ झाले.

मी विचारलं, "मग पत्राशिवाय जाऊ का?"

"जावा की! कोण धरलंय तुमाला?"

"आणि तास?"

"ते मात्र बुडायचे न्हाईत बरं का. परीक्षा तोंडावर. सर म्हणतील, ह्या बाई मधीच जातेत. पुढच्या मुलाखतीला मग..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि अर्ज मला परत केला. त्यावर आवकचा शिक्कासुद्धा मारला नाही. त्यांचा एक शब्दही चुकला नव्हता. कॉलेजनं मला धरलेलं नव्हतं, त्यामुळे ते मला सोडूही शकत नव्हतं.

संध्याकाळी मी रुबिनाला फोन केला. रुबिना शेख एम. एस्सी.ला माझ्या शेजारी बसायची, आता किनवटकडे एका आश्रमशाळेत शिकवते. तिला सगळं सांगितलं.

"अगं पागल, तो शेवटचा गोल काळा करायचा ना! कामून अध्यापक लिहिलंस?"

"अप्पा उभे होते."

"अप्पा काय फॉर्म तपासून राहिले होते का? आता त्यांना मेल टाक. चूक झाली म्हणावं, मी कुठंच नोकरीला न्हाई. एका ओळीचं काम हाय."

"आणि अप्पांनी विचारलं तर?"

"काय विचारतील?"

"की कॉलेजनं पत्र का नाही दिलं."

मागे वसतिगृहातल्या मुलींचा कालवा ऐकू येत होता. रुबिना म्हणाली, "तुला कोर्सला जायचंय का अप्पांना प्राध्यापक ठेवायचंय, ते एकदा ठरव बाई."

ती एक ओळ मी चार दिवस लिहीत होते. मी कोणत्याही संस्थेत नाही. इंग्रजीत लिहिली, मराठीत लिहिली, सभ्य करून लिहिली. वाचलं की वाटायचं, हे एखाद्या हरवलेल्या माणसानं पोलीस चौकीत सांगितल्यासारखं आहे. खिडकीबाहेर ट्रॅक्टर हॉर्न मारत, एकमेकांना रेटत उभे असायचे. पुढच्याला हलता येत नाही म्हणून मागच्याला हलता येत नाही, आणि सगळ्यात पुढे जाऊन बघावं तर गेट सताड उघडं. मी मेल पाठवला नाही. कळवायची मुदत गेली.

तरी रविवारी मी नांदेडला गेले. उद्घाटनाचं व्याख्यान सर्वांसाठी खुलं होतं, त्याला पत्र लागत नव्हतं. अहमदपूर, लोहा करत एसटी साडेतीन तास घेते. घरी मी अर्धवट सांगितलं, "विद्यापीठात कार्यक्रम आहे." अप्पांनी ते त्यांना हवं तसं पूर्ण करून घेतलं.

सभागृह भरलेलं होतं. आसपासच्या कॉलेजांतून बी. एस्सी.ची मुलं बसमध्ये घालून आणली होती, कारण पाहुण्यांसमोर खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत. उमरीहून आलेला मुलींचा एक घोळका माझ्या पुढच्या रांगेत बसून चिवडा खात होता. आधी स्वागत, मग दीपप्रज्वलन, मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय. बाईंना बोलायला उरला तो वेळ मोजकाच होता.

त्या बोलल्या ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं. रस्त्यावर गाड्या थांबतात, त्या म्हणाल्या. पुढे जाऊन बघावं तर अपघात नाही, खड्डा नाही, कुणी रस्ता अडवलेला नाही. झालेलं इतकंच असतं की फार पुढे कुणीतरी किंचित ब्रेक दाबला. मागच्यानं, धडक बसू नये म्हणून, त्याहून जरा जास्त. त्याच्या मागच्यानं अजून जरा. प्रत्येक जण काळजीनंच वागतो, आणि त्या काळजीतून तो तुंबा तयार होतो. ज्यानं पहिला ब्रेक दाबला तो तर कधीच घरी पोहोचलेला असतो.

पुढच्या रांगेतल्या मुली हसल्या. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे माझंच घर आलं. अप्पांनी मला कधी काही करू नको म्हटलेलं नाही. आईनं नाही, पांचाळ मामांनी नाही, कॉलेजच्या सरांना तर माझं नावही माहीत नसेल. सगळे जरा जरा जपून वागतात, मीही जपून वागते, आणि मी जागची हलत नाही. कुणावर रागवावं असा एक माणूस सापडला असता तर किती बरं झालं असतं!

"काही प्रश्न?" बाईंनी विचारलं. मला प्रश्न होता. सौद्यातली माणसं शेजाऱ्याकडे बघतात, पण त्यातल्या एकानं बघणं सोडलं तर तुंबा फुटतो की तो एकटाच बाहेर फेकला जातो? तो माझ्या तोंडात तयार होता. एका मुलाने विचारलं, "मॅडम, ह्या विषयात नोकरीचा स्कोप काय?" आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर अभ्यासक्रमाला आलेल्यांची नावं छापलेली कार्डं मांडली होती, गळ्यात घालायची, निळ्या फितीची. बरीच उचलली गेली होती. उरलेल्यांत माझं होतं. माझं नाव, खाली कॉलेजचं नाव, आणि त्याखाली इंग्रजीत, सुबक अक्षरात, सहायक प्राध्यापक. त्या एका कार्डावर मी अगदी अप्पा सांगतात तशी होते.

टेबलामागच्या मुलीने विचारलं, "मॅम, तुमचं नाव?"

"मी फक्त व्याख्यानाला आलेय," मी म्हणाले.

दुपारच्या एसटीनं परत आले. अप्पा ओट्यावर होते. "झालं का? दहा दिवसांचं म्हणत हुतीस."

"एकाच दिवसाचं होतं, अप्पा."

"बरं झालं. इथं हंगाम हाय," असं म्हणून ते चपला शोधायला लागले. ते खोटं बोलायला मला अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही, आणि तेवढ्यावर मी दोन वर्षं राहिले.

यंदाच्या मेलमध्ये तोच अभ्यासक्रम पुन्हा होता. त्याच बाई, आणि खालची ती ओळही तशीच. मी यंदा अर्ज घरी भरला, एकटीनं, आणि चौथा गोल काळा केला. वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. तीन वर्षांत मला एवढं कळलं होतं की ते खरं आहे. निवड झाल्यावर मी कॉलेजच्या विभागप्रमुखांना दहा दिवस येणार नाही असं कळवलं. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि दुसऱ्याच दिवशी माझे तास एका नव्या मुलीला मिळाले. मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी ती माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिने मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मॅम, तुमच्या नोट्स मिळतील का?" मी दिल्या.

मग अप्पांना सांगणं भाग होतं. मी दुकानात गेले. दुपारची वेळ होती, सौदे आटोपले होते, हमाल पोत्यांवर आडवे झाले होते. अप्पा गादीवर एकटेच बसले होते.

"अप्पा, मी कॉलेजच्या मस्टरवर नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे मला कायमचं घेतलेलं नाही. लागेल तसं बोलावतात. तास घेतला तर घेतला. पहिल्यापासून तसंच आहे. आता तेही तास दुसरीला दिलेत."

अप्पांनी टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली. ते रागावतील अशी माझी तयारी होती. ते हिशेब न लागणाऱ्या माणसासारखे बघत होते.

"आपल्या हमालांची बी नोंद हाय माथाडी मंडळात," ते सावकाश म्हणाले. मला लागावं म्हणून नव्हे. त्यांना खरंच उलगडत नव्हतं. "नाव हाय, नंबर हाय. आजारी पडले तर विचारणारं कोणी हाय. आन तू एम. एस्सी."

मग मी त्यांना अभ्यासक्रमाचं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचंही. एसटी, व्याख्यान, टेबलावरचं कार्ड, सगळं. मी अप्पांशी इतकं सलग कधी बोलले नव्हते. ते ऐकत होते, किंवा निदान मध्ये बोलले नाहीत.

"मग आता जाणार?"

"परवा."

"शिकायला?"

"हो. शिकायला."

"जा," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "आईला मस्टरचं बोलू नको. ती तुझ्या मामाच्या घरी बोलंल."

तेवढ्यात एक खरेदीदार आत आले. अप्पांचे जुने ओळखीचे, उदगीरकडचे. खुर्ची ओढून बसता बसता म्हणाले, "काय बाई, आज कॉलेज न्हाई का?"

मी तोंड उघडलं. पण अप्पा आधी बोलले. माझ्याकडे न बघता, गादीवरची सुरकुती हातानं सपाट करत.

"परवापासून नांदेडला निघाली. विद्यापीठानं बोलावलंय, दहा दिवस."

"शिकवायला?"

"मग काय!"

"आन इथलं?"

"कॉलेजनं सोडलंय तिला," अप्पा म्हणाले. "पत्र दिलंय तसं."

पाहुण्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. "चांगलं कॉलेज हाय मग तुमचं, बाई."

अप्पांचा हात सुरकुतीवर थांबला होता. मी मान हलवली.